प्रभुभोजनाचा प्याला : कशाचा आणि किती खर्चाचा?

माघ-फाल्गुनाच्या दिवसांत नारायणगावच्या आसपास जावे, तर द्राक्षांचे मांडव घडांनी लवलेले दिसतात. कुकडी आणि मीना या नद्यांच्या पाण्याने जुन्नर तालुक्याला हे पीक दिले आणि या पिकाने नारायणगावचे नाव दूरदूर नेले. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात घोड नदी आहे, मंचरची मोठी बाजारपेठ आहे. अशा मुलखात द्राक्षाच्या रसाला काय तोटा, असे कुणालाही वाटेल. पण इथल्या एखाद्या लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या खजिनदाराला विचारून पाहा. प्रभुभोजनाच्या प्याल्यात काय घालायचे, ते कुठून आणायचे आणि त्याला किती पैसे मोजायचे, हा प्रश्न त्याच्यापुढे दर महिन्याला उभा असतो. दानपेटीत जमणारी रक्कम ती केवढी! तिच्यातूनच दिवाबत्ती व्हायची, पाळकांच्या प्रवासाचा खर्च भागायचा, एखाद्या आजाऱ्याला हातभार लावायचा. बाटली महाग पडली तर यातल्या कशाला तरी कात्री लागते. आणि स्वस्त म्हणून भलतेच काही उचलून आणले, तर उपासनेच्या गाभ्यालाच धक्का बसतो.

जे श्रोते ख्रिस्ती नाहीत, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने आपल्या शिष्यांबरोबर भोजन केले. भाकर मोडून दिली, प्याला हाती दिला आणि माझ्या आठवणीसाठी हे करीत जा, असे सांगितले. ती आज्ञा पाळण्याचा विधी म्हणजे प्रभुभोजन. कॅथलिक लोक त्याला मिस्साबलिदान म्हणतात. भाकर आणि प्याला या दोन गोष्टींवाचून हा विधी होत नाही. भाकरीचा प्रश्न फारसा अवघड नाही. गहू सगळीकडे मिळतो. अडते ते प्याल्यापाशी.

मराठीत तर ही अडचण शब्दापासूनच सुरू होते. मराठी बायबलात 'द्राक्षारस' हा शब्द आहे. आता द्राक्षारस म्हणजे काय हो? घड पिळून काढलेला ताजा रस, की मुरवून, आंबवून तयार झालेली वाइन? मराठी शब्दात दोन्ही अर्थ बसतात. येशूच्या काळी फ्रिज नव्हते, रस तापवून टिकवण्याची विद्याही नव्हती. द्राक्षे भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास पिकत आणि वल्हांडणाचा सण येई वसंतात. तोवर पिळलेला रस आपोआप आंबून वाइन होई. म्हणून त्या रात्रीच्या प्याल्यात वाइनच होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तरी शुभवर्तमानांत त्या प्याल्याचा उल्लेख येतो तो द्राक्षवेलाच्या उपजाचा म्हणून. एवढ्या एका गोष्टीवर पुढे निरनिराळ्या पंथांच्या वाटा निरनिराळ्या झाल्या.

खजिनदाराने बाजारात जाण्याआधी आपली वाट कोणती, हे पक्के करून घ्यावे. कारण जी वस्तू आपल्याला चालतच नाही, ती कितीही स्वस्त असली तरी महागच.

कॅथलिकांचा नियम सर्वांत स्पष्ट आहे. 1983 च्या त्यांच्या धर्मसंहितेतील 924 व्या कलमाप्रमाणे वाइन नैसर्गिक, द्राक्षापासूनच केलेली आणि न बिघडलेली असली पाहिजे; आणि विधीच्या वेळी तिच्यात थोडेसे पाणी मिसळले पाहिजे. सफरचंदाची, जांभळाची, अननसाची वाइन चालत नाही. न आंबवलेला रसही एरवी चालत नाही. एखाद्या धर्मगुरूला मद्य वर्ज्य असेल, तर बिशपांच्या परवानगीने 'मुस्टुम' वापरता येतो. मुस्टुम म्हणजे ताजा किंवा गोठवून वगैरे जपलेला द्राक्षरस. 2017 साली रोमहून सर्व बिशपांना एक परिपत्रक गेले. मिस्साची भाकर आणि वाइन पूर्वी ठराविक धार्मिक संस्थाच बनवीत. आता त्या वस्तू दुकानांतूनही विकल्या जातात, तेव्हा त्यांच्या शुद्धतेकडे लक्ष ठेवा, असा त्याचा मथितार्थ. म्हणून कॅथलिक मंडळीने स्वतः शोधाशोध करण्याऐवजी बिशपांच्या कार्यालयात विचारावे. मान्य झालेली वाइन कोणती आणि ती कुठे मिळते, हे तिथे कळते.

अँग्लिकन परंपराही आंबवलेल्या द्राक्षरसाचीच. 1888 साली लंडनला भरलेल्या लॅम्बेथ परिषदेत, खऱ्या वाइनखेरीज दुसरे पेय वापरणे अधिकृत नाही, असा ठराव बिशपांनी केला होता.

तो ठराव करण्याची गरज का पडली, ही हकिकतही ऐकण्यासारखी आहे. 1860 नंतरच्या वर्षांत फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी दाखवून दिले, की वाइन बिघडते ती सूक्ष्म जीवांमुळे आणि बेताची उष्णता दिली तर ते जीव मरतात. अमेरिकेत थॉमस वेल्च नावाचे एक दंतवैद्य होते. ते मेथडिस्ट होते आणि दारूबंदीचे कट्टे पुरस्कर्ते. त्यांनी 1869 साली हीच युक्ती ताज्या द्राक्षरसावर केली. बाटल्यांत भरून तापवलेला रस आंबला नाही. त्यांनी तो आपल्या चर्चच्या प्रभुभोजनासाठी देऊ केला. हळूहळू मेथडिस्टांनी आणि इतरही अनेक मंडळ्यांनी वाइन सोडून हा रस घेतला.

आपल्याकडे 1970 साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. तिच्यात अँग्लिकन आले, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेचे लोक आले, बॅप्टिस्ट आले, ब्रिटिश मेथडिस्ट आले. त्यामुळे एकाच छपराखाली वाइनची सवय असलेले आणि रसाची सवय असलेले अशी दोन्ही घराणी बसतात. मुक्तिफौजेत तर प्रभुभोजनाचा विधीच नाही. तेव्हा आपल्या मंडळीचा रिवाज कोणता, हे पाळकांना आणि वडीलमंडळींना विचारूनच ठरवावे. शेजारच्या गावाने काय केले, यावर जाऊ नये.

आता वाइन घ्यायची असे ठरले, तर कोणती घ्यावी?

नारायणगावला वाइन नवी नाही. 1980 नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने इथे फसफसणारी वाइन तयार केली आणि ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशातही विकली गेली. पुढे ती कंपनी कर्जात बुडाली आणि बंद पडली. 2001 साली महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले. त्यानंतर नाशिक, सांगली, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांतून वाइनचे बरेच कारखाने उभे राहिले. आज मराठी मुलखातच केलेली साधी, चांगली वाइन मिळते. प्रभुभोजनासाठी परदेशी बाटलीची मुळीच गरज नाही. आयात वस्तूवरचा जबर कर भरण्यात पुण्य कसले?

बाटली हातात घेतली की आधी चित्र पाहू नये, मागची चिठ्ठी वाचावी. ती वाइन फक्त द्राक्षांची आहे ना, हे पहिले पाहावे. 'फळांची वाइन' असे लिहिले असेल तर ती ठेवून द्यावी. दुसरे म्हणजे साखर, रंग किंवा सुगंधी अर्क घातल्याचा उल्लेख आहे का, ते पाहावे. आपल्याकडे 'पोर्ट' या नावाने स्वस्त गोड वाइन विकली जाते. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दूरू नदीच्या खोऱ्यातली. तिच्यात द्राक्षाचाच मद्यार्क घालतात. आपल्याकडच्या सगळ्याच 'पोर्ट' तशा नसतात. काहींत वरून साखर घातलेली असते. नाव पोर्ट आहे म्हणून ती चर्चला चालेल असे नाही आणि स्वस्त आहे म्हणून ती वाईट असेही नाही. चिठ्ठी काय सांगते ते पाहावे. 'सल्फाइट' हा शब्द दिसला तर मात्र घाबरू नये. वाइन टिकावी म्हणून गंधकाचे हे संयुग अगदी थोडे घालतात. जवळजवळ प्रत्येक वाइनमध्ये ते असते आणि विधीच्या दृष्टीने त्याला हरकत घेत नाहीत.

तांबडी की पांढरी? दोन्ही चालतात. तांबडी रक्ताची आठवण देते म्हणून काहींना ती बरी वाटते. पांढरीचा डाग वेदीवरच्या कापडावर पडत नाही, म्हणून काही जण ती पसंत करतात. कापड धुणाऱ्या बाईंचे मत या बाबतीत जरूर विचारावे.

आता खर्चाकडे येऊ. इथे बहुतेक जण एक चूक करतात. ते बाटलीची किंमत पाहतात. माणशी काय पडले ते पाहत नाहीत. आकडे समजुतीपुरते घेतो. दुकानातला भाव ज्याने त्याने घालावा. एका घोटाला 5 मिलिलिटर पुरतात. म्हणजे 750 मिलिलिटरची बाटली 150 जणांना पुरते. बाटली 600 रुपयांची धरली, तर माणशी 4 रुपये पडले. स्वस्त वाटते, नाही का? पण आपली मंडळी 40 जणांची आणि प्रभुभोजन महिन्यातून एकदा. म्हणजे एका वेळी 200 मिलिलिटर लागले, उरले 550. पुढच्या महिन्यापर्यंत त्याचा झाला शिरका. तो ओतून द्यावा लागला. मग 600 रुपये 40 जणांवर वाटा. माणशी 15 रुपये पडले! आता 375 मिलिलिटरची लहान बाटली घेतली आणि ती 350 रुपयांना मिळाली असे धरा. मापाच्या हिशेबाने ती महाग आहे. पण 350 रुपये 40 जणांत वाटले तर माणशी पावणेनऊ रुपयेच पडतात. महाग बाटली स्वस्त ठरली, ती अशी.

म्हणजे खरा खर्च बाटलीत नसून नासाडीत आहे. वाइन नासते कशी, हे समजले की पैसे वाचवायचे कसे, तेही समजते. हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने काही जिवाणू मद्यार्काचे आम्ल बनवतात. हवा नाही तर शिरका नाही. साध्या वाइनमध्ये मद्यार्क शेकडा 12-13 च्या आसपास असतो. उघडी बाटली थंडीत ठेवली तरी चार-पाच दिवसांत तिची चव उतरते. ज्या वाइनमध्ये मद्यार्क वाढवून शेकडा 18 च्या आसपास नेलेला असतो, तिथे या जिवाणूंचे फारसे चालत नाही. ती काही आठवडे टिकते. कॅथलिक धर्मपीठानेही, मद्यार्क द्राक्षाचाच असेल आणि त्याचे प्रमाण शेकडा 18 च्या पुढे जात नसेल, तर अशी वाइन मान्य केली आहे. ज्या खेड्यात पाळक महिन्यातून एकदाच येतात, तिथे हा विचार उपयोगाचा आहे.

दुसरी युक्ती तर फुकटची आहे. काचेच्या लहान बाटल्या, घट्ट झाकणाच्या, आधी उकळून कोरड्या करून ठेवाव्यात. मोठी बाटली फोडली, की लागणारी वाइन बाजूला काढण्याआधीच उरणारी वाइन या लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावी. आत हवेला जागा ठेवू नये. मग झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावी. सर्व झाल्यावर, संध्याकाळी सवडीने भरू म्हटले, तर तोवर हवा लागलेली असते. पुढच्या वेळी वापरण्याआधी वास घ्यावा, थेंबभर चाखावी. शिरक्याची आंबट झणक आली तर ती वाइन प्याल्यात घालू नये. बिघडलेली वाइन विधीला चालत नाही, हे वर सांगितलेच आहे.

ज्या मंडळ्यांत रस चालतो, त्यांचे मात्र नशीब थोर. कारण ते जुन्नरच्या शेजारी राहतात. बाजारात बाटलीबंद द्राक्षपेये मिळतात, पण त्यांतल्या पुष्कळांत पाणी, साखर आणि रंगच जास्त असतो. 'सरबत' किंवा 'स्क्वॅश' म्हणजे द्राक्षाचा निव्वळ रस नव्हे. त्यापेक्षा घरी रस काढावा. तो कसा, ते सांगतो.

फाल्गुनात, हंगाम भरात असताना आणि भाव उतरलेले असताना, 5 किलो पिकलेली काळी द्राक्षे घ्यावीत. शरद सीडलेस ही काळी जात या भागात होते. बाजारात मोठ्या आणि देखण्या घडांना भाव असतो. रसासाठी सुटे मणी चालतात आणि ते स्वस्त मिळतात. मात्र कुजलेला मणी एकही घेऊ नये. फवारणीची औषधे निघून जावीत म्हणून द्राक्षे दोन-तीन पाण्यांनी चांगली धुवावीत. देठ काढून मणी स्टीलच्या पातेल्यात कुस्करावेत. तांब्या-पितळेचे बिनकल्हईचे भांडे घेऊ नये. सालासकट मंद आचेवर तापवले की सालातला रंग रसात उतरतो. उकळी फुटू देऊ नये. वाफ निघू लागली, कडेला बारीक बुडबुडे आले, म्हणजे साधारण 80 ते 85 अंश झाले. दहा मिनिटे तेवढेच ठेवून स्वच्छ पंचातून गाळावे. किलोला 600 मिलिलिटरच्या आसपास रस निघतो. म्हणजे सुमारे 3 लिटर झाला. तो पुन्हा तेवढाच तापवून, उकळून घेतलेल्या 250 मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्यांत गरम असतानाच भरावा, झाकण घट्ट लावावे आणि बाटली दोन-तीन मिनिटे आडवी करावी, म्हणजे झाकणही आतून तापते.

किती बाटल्या झाल्या? बारा. वर्षाचे महिने किती? बारा! दर महिन्याला एक बाटली फोडायची. 40-50 जणांना ती पुरते आणि मागे काही उरत नाही. द्राक्षे 80 रुपये किलोने मिळाली असे धरले, तर 400 रुपयांत मंडळीचे वर्षभराचे प्रभुभोजन निभावते. बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. फ्रिज असेल तर उत्तमच. तळाशी साखरेसारखे खडे बसले तर रस बिघडला असे समजू नये. ते द्राक्षातल्याच आम्लाचे क्षार आहेत. झाकण फुगले, फेस आला किंवा वास बदलला, तर मात्र ती बाटली फेकून द्यावी.

हंगाम हुकला तर बेदाणे आहेत. बेदाणे कोमट पाण्यात रात्रभर भिजवून, कुस्करून, तापवून गाळले की गोड, दाट रस मिळतो. ही काही आजची क्लृप्ती नाही. केरळातल्या सिरियन ख्रिस्ती लोकांना पूर्वी द्राक्षे मिळणे कठीण होते. तेव्हा ते भिजवलेल्या बेदाण्यांचाच रस काढून आपला विधी करीत.

इथे एक इशारा देणे भाग आहे. रस घरी करावा. वाइन घरी करू नये. परवान्यावाचून मद्य तयार करणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, मग हेतू कितीही पवित्र असो. मुंबई राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने चालू आहे. त्या कडक कायद्यातही धर्मविधीसाठी वाइन वापरण्याच्या परवानगीची तरतूद ठेवलेली आहे. मंडळीने राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कार्यालयात नीट चौकशी करावी, वाइन परवानाधारक दुकानातूनच घ्यावी आणि पावती हिशेबाच्या वहीला लावून ठेवावी. खरेदीला पाठवायचा माणूस एकवीस वर्षांवरचा असावा. पोराला चिठ्ठी देऊन पाठवू नये.

शेवटचा मुद्दा पैशांचा नाही. पण खरे सांगायचे तर तो सर्वांत मोठा आहे. दारूने किती घरे धुळीला मिळवली, हे आपल्या खेड्यांना कुणी सांगायला नको. दुकान बंद व्हावे म्हणून मतदानाच्या रांगेत उभे राहून 'आडव्या बाटली'वर शिक्का मारणाऱ्या बाया याच महाराष्ट्रातल्या. अशा घरातला एखादा माणूस मोठ्या कष्टाने व्यसनातून सुटून मंडळीत येतो. त्याच्यापुढे वाइनचा प्याला धरावा काय? एका घोटाने काय होते, असे ज्याला व्यसन नाही त्याने म्हणू नये. ज्या मंडळ्यांत रस चालतो, त्यांनी रसच ठेवावा, म्हणजे प्रश्नच मिटला. ज्यांत वाइनच चालते, तिथेही वाट आहे. केवळ भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण होते, असे कॅथलिक आणि अँग्लिकन दोन्ही परंपरा मानतात. हे पाळकांनी सर्वांसमोर, एरवीच्या उपदेशात, एकदा सांगून टाकावे. म्हणजे जो प्याला पुढे जाऊ देतो, त्याच्याकडे कुणी वळून पाहणार नाही.

तर खजिनदारांनी एवढेच करावे. आधी आपल्या पंथाचा नियम विचारावा. मग मंडळीतली डोकी मोजावीत, माणशी 5 मिलिलिटर धरावे आणि तेवढ्याच मापाची बाटली शोधावी. चिठ्ठी वाचावी, पावती घ्यावी. उरणार असेल ते आधीच लहान बाटलीत भरून ठेवावे. आणि रस चालत असेल तर फाल्गुनातल्या एका शनिवारी मंडळीतल्या चार घरांनी मिळून पातेले चुलीवर चढवावे. बागेत काम करणाऱ्या बायामाणसांच्या हातची द्राक्षे, त्यांच्याच हातचा रस आणि त्यांच्याच मंडळीचा प्याला. त्यासाठी पुण्यापर्यंतचे एस. टी.चे भाडे खर्च करण्याचीही गरज उरत नाही.